डांगातली बोलावणी

जगदेवराव भित्रा माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याच्या घराण्यातल्या तीन पिढ्या गायकवाडी फौजेत होत्या. पुढे फौज गेली, संस्थान गेलं, आणि चौथ्या पिढीच्या खांद्यावर बंदुकीच्या जागी युनिव्हर्सिटीचा टेपरेकॉर्डर आला. प्राणिशास्त्र विभागातले माधव सर रानोमाळ हिंडून पाखरांचे आवाज गोळा करत, आणि ते आवाज ज्या धुडात जमा होत ते धूड जगदेवराव वाही. सरांची नजर कायम झाडांच्या शेंड्यांवर. ते खड्ड्यात पडू नयेत, हेही मग जगदेवरावालाच बघावं लागे. नोकरी अशी होती, आणि त्याला ती मनापासून आवडायची.

बहात्तर सालच्या डिसेंबरात हे दोघे डांगात, महालच्या जंगलात, आठ दिवस राहून आले. तिथलं रान भर दुपारीही अंधारं. सहाव्या रात्री नदीकाठच्या झोपडीत पडले असताना एक आवाज आला. तो आवाज सांगणं कठीण आहे. कुणी बाई पाण्यापलीकडे उभी राहून कुणाला तरी नावानं हाक मारतेय, आणि हाकेचं शेवटचं अक्षर तोंडातच ठेवतेय, असं काहीसं. मग बराच वेळ शांतता. मग पुन्हा तीच हाक, जरा जवळून.

सरांना आनंदानं काही सुचेना. "जगदेव, बटण दाब! बटण!" एवढंच ते कुजबुजत राहिले. वाटाड्या सोमल्या मात्र दोन्ही कानांत बोटं घालून कोपऱ्यात जाऊन बसला. हा कुठला पक्षी, असं सकाळी विचारल्यावर तो म्हणाला, "पक्षी कसला, साहेब. ती बोलावणी. तिला बघायचं नसतं." आणि त्या दिवसापासून त्यानं पुढे यायला साफ नकार दिला. सरांनी वहीत लिहिलं, 'जात अज्ञात. बहुधा घुबडांपैकी.'

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुट्टीत. विभागाला कुलूप लागणार होतं आणि टेपवर कुठल्या मिनिटाला कुठला आवाज आहे, ही यादी सरांना हवी होती. जगदेवरावानं यंत्र घरी आणलं. यादी हे निमित्त. खरं म्हणजे आपण काय काम करतो हे घरच्यांना एकदा ऐकवावं अशी त्याला हौस होती. आपल्या कामाची इतकी हौस नसती तर बरं झालं असतं, असं तो पुढे जन्मभर म्हणत राहिला.

घर सयाजीगंजात, होस्टेलांच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं. खिडकीतून कमाटीबागेतली झाडं दिसत. बागेतल्या झूमधला सिंह रात्री डरकाळ्या फोडायचा, पण त्यानं कुणाची झोप मोडत नसे. घरात जगदेवराव, त्याची बायको प्रेमला, दहा वर्षांची मुलगी निरुपमा आणि आई चिमणाबाई. चिमणाबाई अडुसष्टच्या. दात शाबूत, नजर शाबूत, जिभेला धार. त्यांचे वडील गायकवाडी शिपाई, सोनगडच्या ठाण्यावर नेमलेले. सोनगडच्या पुढे डांगाचंच जंगल. त्या जंगलाच्या तोंडावर त्या लहानाच्या मोठ्या झाल्या आणि तेराव्या वर्षी लग्न होऊन बडोद्यात आल्या. हे जगदेवरावाला ठाऊक होतं. त्याचं पुढे काही होईल असं मात्र त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

दिवेलागणीला चिमणाबाई ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या. निरूनं बुलबुल ऐकला, सुतारपक्षी ऐकला, खुदकन हसली. मग स्पूल फिरता फिरता ती हाक आली. खिडकी उघडीच होती. तारांत अडकलेल्या पतंगांची फडफड तेवढी बाहेर चालली होती.

चिमणाबाईंचा हात ताटातच थांबला.

"बंद कर ते," त्या म्हणाल्या. त्यानं बंद केलं. "कुठे मिळालं हे तुला?"

"महालला, आई. डांगात. सर म्हणतात घुबड असावं."

"बारी लावून घे. आधी बारी लाव." खिडकीला त्या बडोदेकरांसारखं बारीच म्हणत. मग त्यांनी एकदम मोठ्यानं हाक मारली. "जगदेव!"

समोरच बसलेल्या मुलाला अशी हाक? जगदेवराव हसला. त्यांनी त्याच्या मांडीवर चापट मारली. "हसतोस काय? ओ दे. जगदेव!"

"ओ."

"प्रेमला!" स्वयंपाकघरातून प्रेमलानं ओ दिली. "निरुपमा!" निरूनं फौजेतल्यासारखी ओ ठोकली. तिला हा खेळ फार आवडला. सगळ्यांच्या ओ घेऊन झाल्यावर चिमणाबाईंनी श्वास सोडला आणि सांगितलं ते असं. बोलावणी ऐकू आली की सोनगडकडे घरातली माणसं एकमेकांना नावानं हाका मारतात. ज्याला घरातून हाक आली आणि ज्यानं ओ दिली, तो घरचा. त्याला ती नेत नाही. तीन रात्री ती येते. तीन रात्री ज्याला नावानं हाक मारायला घरात कुणी नसतं, त्याला ती स्वतः हाक मारते.

"आणि तुला कोण हाक मारणार?" जगदेवरावानं थट्टेनं विचारलं.

"मला?" चिमणाबाईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "मला नावानं हाक मारणारं आता कोण राहिलंय, बाबा."

त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

त्या रात्री कमाटीबागेच्या बाजूनं हाक आली. जगदेवराव खाडकन जागा झाला. यंत्र कपाटावर होतं, त्याची वायर गुंडाळलेली, बॅटऱ्या त्यानंच काढून डब्यात ठेवलेल्या. झूमध्ये एखादं नवीन जनावर आणलं असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. तेवढ्यात हाक पुन्हा आली. पाण्यापलीकडून यावी तशी, आणि शेवटचं अक्षर गिळलेलं. त्यानं प्रेमलाकडे पाहिलं तर ती डोळे उघडे ठेवूनच पडली होती. पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला, "जगदेव!" आणि बेचाळीस वर्षांचा हा मिशीवाला गडी पांघरुणातून पोरासारखा म्हणाला, "ओ."

सकाळी चिमणाबाईंनी चहा नको म्हटलं. जेवणही नको. अंघोळ करून त्यांनी ट्रंक उघडली, दोन चांगली लुगडी प्रेमलाच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "ही तू घे. जुनी मला पुरतील." त्यात रुसवा नव्हता, रडणं नव्हतं. गाडीला अजून वेळ असलेल्या माणसासारख्या त्या निवांत होत्या. प्रेमलाच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं गल्लीतल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली आणि म्हणाले, "कंई नथी, बेन. उंमर छे. बाकी माजी तो घोडा जेवां छे." घोड्यासारख्या ठणठणीत माजींनी त्यांना हसून हात जोडले, आणि पाणीसुद्धा घेतलं नाही.

जगदेवराव यंत्र उचलून तडक माधव सरांच्या घरी गेला. सरांनी सगळं ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"अरे, ही तर जुनी युक्ती आहे! टेप लावली की आसपासचा त्याच जातीचा पक्षी उत्तर देतो. म्हणजे तो बडोद्यात आहे! जगदेव, आज रात्री मायक्रोफोन घेऊन मी तुझ्याकडे येतो."

"नको, सर."

"अरे, पण..."

"माझी आई मरायला बसलीय, सर, आणि ती टेप मी लावली होती." एवढ्या वर्षांत तो सरांपुढे आवाज चढवून कधी बोलला नव्हता. सरांनी यंत्र आत ठेवून घेतलं आणि चांगल्या मनानं म्हणाले, "तिला सांग, तो फक्त पक्षी आहे." जगदेवरावानं घरी येऊन ते सांगितलंही. आईनं ऐकून घेतलं. "असेल," ती म्हणाली.

दुसऱ्या रात्री हाक गल्लीतूनच आली. होस्टेलातली पोरं परीक्षेसाठी दिवे लावून बसली होती. त्यांतल्या कुणाला काही ऐकू आल्याचं दिसलं नाही. कुत्री मात्र भुंकायची थांबली. चिमणाबाईंनी तिघांना हाका मारल्या, तिघांनी ओ दिली. मग खोलीत तो क्षण आला, ज्या क्षणी चौथं नाव घ्यायला हवं होतं. जगदेवरावाला तो क्षण भिंतीला भगदाड पडल्यासारखा दिसला. वडील असते तरी त्यांनी कुठे नाव घेतलं असतं? ते जन्मभर "अगं" म्हणत आले. सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नाही, लेकानं आईचं घ्यायचं नाही. नात 'आजी' म्हणते, शेजारीण 'माजी' म्हणते. आपल्या घरात माणूस जितकं मोठं होत जातं तितकं त्याचं नाव झिजत जातं, आणि त्याला आपण मान देणं म्हणतो.

तो उठून बसला आणि ओरडला, "चिमणाबाई!"

प्रेमलानं तोंडावर हात घेतला. निरू घाबरून रडायला लागली. अंधारात आईकडून ओ आली नाही.

"चिमणाबाई!" त्यानं पुन्हा हाक मारली. "आई, ओ दे ना गं!"

"ते नाव तुझ्या वडिलांच्या घरचं," चिमणाबाई हळूच म्हणाल्या. "लग्नात ठेवलेलं. रानाला ते ठाऊक नाही रे. झोप आता."

सकाळी तो आईच्या पायाशी जाऊन बसला. माहेरचं नाव काय, हे त्यानं विचारलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, आणि हे लक्षात आल्यावर त्याची मान वर होईना. प्रत्येक लग्नात नवरीचं नाव बदलताना त्यानं पाहिलं होतं, पेढे खाल्ले होते. आईचंही आधी काही नाव असेल हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

"मी सांगून कसं चालेल?" ती म्हणाली. "मी सांगायचं आणि तू हाक मारायची, म्हणजे ती माझीच हाक मला झाली. तसं चालत नाही त्यात. ज्याला माहीत असेल त्यानं मारायची."

"कुणाला माहीत आहे?"

चिमणाबाईंनी बोटांवर मोजत विचार केला. आई-वडील गेले. दोन्ही भाऊ गेले. सोनगडच्या मैत्रिणी कुठे विखुरल्या कुणास ठाऊक. शेवटी त्या म्हणाल्या, "वन्सं होत्या मांडवात. त्यांनाच विचार, आठवत असेल तर."

वन्सं म्हणजे मथुराबाई, जगदेवरावाची आत्या, पंच्याहत्तरीच्या पुढची. मुलाच्या घरी बाजव्याला राहायची. रिफायनरीच्या धुराड्यांच्या अलीकडे त्यांच्या चाळीत जगदेवराव पोचला तेव्हा दुपार झाली होती.

"आव, आव, जगू. बेस," आत्या म्हणाली. काय झालं ते ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला.

"नाव तर मीच लिहिलं होतं रे," ती म्हणाली. "मुलींना शाळेत घालायचा सरकारचा हुकूम होता ना, म्हणून घरातल्या बायकांत मला एकटीला लिहिता येत होतं. आपल्यात रीत अशी, की ताटात तांदूळ पसरायचे, नवरीचं माहेरचं नाव अंगठीनं लिहायचं, नणंदेनं ते तळव्यानं सारखं करायचं, आणि मग त्यावर नवं नाव लिहायचं. बाबा म्हणाले, महाराणीसाहेबांचं नाव ठेवू, चिमणाबाई. मी लिहिलं. छान अक्षर आलं म्हणून सगळ्यांनी मला नावाजलं."

"आणि आधीचं? आधी काय लिहिलं होतंस?"

आत्यानं डोळे मिटले. तिचं बोट मांडीवर, लुगड्यावर फिरू लागलं. एक रेघ खाली, मग एक वळण. जगदेवरावाचा जीव त्या बोटाशी टांगला गेला. बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा सुरू झालं. मग आत्यानं तळवा मांडीवर पालथा फिरवला आणि रडायला लागली.

"नाही रे आठवत. माझ्या हातानं लिहिलं, माझ्या हातानं पुसलं. तिला मी जन्मभर वहिनी म्हटलं. पुसताना ती नुसती ताटाकडे बघत होती, एवढं दिसतं डोळ्यांपुढे."

परतताना बसमध्ये त्यानं पाकिटाच्या पाठीवर नावं लिहायला घेतली. त्या काळच्या मुलींची जी जी नावं सुचतील ती. रंगू, ठकू, भागू, सगुणा, राही, द्वारका, सोना, गोदा, तापी. सोनगड तापीकाठापासून जवळ, म्हणून 'तापी'खाली त्यानं दोन रेघा ओढल्या. घरी पोचेपर्यंत साठ-सत्तर नावं झाली होती. मूर्खपणा आहे हे त्याला कळत होतं. पण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि आईला असं हातची घालवणं त्याला शक्य नव्हतं. त्याला रडू येत होतं आणि बसमध्ये ते लपवायची त्यानं तसदी घेतली नाही.

तिसऱ्या रात्री कुणी अंथरुणं घातली नाहीत. चिमणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन दिवसांत त्या कितीतरी लहान झाल्या होत्या. जगदेवराव समोर बसला, त्यांचा हात हातात घेतला आणि पाकिटावरची नावं एकेक करून हाकेसारखी म्हणू लागला.

"रंगू!"

चिमणाबाई हसून मान हलवत.

"सगुणा! गोदा!... तापी!"

"तापी माझ्या मावशीचं," त्या म्हणाल्या. त्यांना गंमत वाटत होती. निरूही शेजारी येऊन आपल्या वर्गातल्या मुलींची नावं घेऊ लागली. शेवटी प्रेमलाही पदर सावरत पुढे आली आणि जन्मात पहिल्यांदा तिनं सासूला नावांनी हाका मारल्या. यमुना, काशी, पार्वती. एकही नाव लागलं नाही. नावं संपली.

हाक आली ती खिडकीतून आली. खिडकी लावलेली होती, तरी ती अगदी फळीपलीकडून आल्यासारखी वाटली. दिवा होता तसाच जळत होता. चिमणाबाई ताठ बसल्या आणि त्यांनी आपलं काम चोख केलं.

"जगदेव!"

"ओ."

"प्रेमला!"

"ओ."

"निरुपमा!"

"ओ, आजी."

आता जगदेवराव कानात प्राण आणून ऐकत होता. त्यानं मनाशी एकच ठरवलं होतं. बोलावणी हाक मारेल तेव्हा तिच्याच तोंडून नाव उचलायचं आणि तिच्या आधी, निदान तिच्याबरोबर, आपण ते ओरडायचं. घरातून हाक गेली पाहिजे. एवढंच. एक नाव. तो पुढे वाकला, तोंड उघडं ठेवलं.

हाक आली. या वेळी शेवटचं अक्षर गिळलेलं नव्हतं. ती पूर्ण होती, लांब होती, आणि तिच्यात एवढी माया होती की प्रेमलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. जगदेवरावानं ती सगळी ऐकली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यात त्याला एकही अक्षर ओळखता आलं नाही. नुसता आवाज होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"ओ!" चिमणाबाई म्हणाल्या.

हा आवाज त्यांचा नव्हता. पातळ, स्वच्छ, धावत येणाऱ्या पोरीचा आवाज होता. त्यांचा चेहरा उजळला होता. आपल्या आईला इतकी खूश झालेली जगदेवरावानं कधी पाहिली नव्हती, त्याच्या लग्नात नाही, निरूच्या जन्माच्या वेळी नाही. "ओ! आले गं आई, घागर भरते आणि आलेच!"

"आई!" जगदेवरावानं तिचे दोन्ही खांदे धरले. "आई, इकडे बघ. माझ्याकडे बघ!"

तिनं पाहिलं. ती दचकली, पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला आणि परक्या, मिशीवाल्या, मोठ्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं विचारलं, "तुम्ही कोण हो?"

त्यानं सांगितलं. मी जगदेव. तुझा मुलगा. ही प्रेमला, तुझी सून, ही निरू. त्यानं वडिलांचं नाव सांगितलं, गल्लीचं नाव सांगितलं, बडोदं सांगितलं. ती सगळं ऐकून घेत होती, मान डोलावत होती, घरी जायला उशीर होत असूनही वडीलधाऱ्यांचं बोलणं न तोडणाऱ्या चांगल्या वळणाच्या मुलीसारखी. त्याचं बोलणं संपल्यावर तिनं त्याला वाकून नमस्कार केला. वाकलेलं डोकं त्याच्या पायांवर टेकलं, ते मग उचललं गेलं नाही.